‘आरव’ : पसायदानातील एका वनस्पतिवाचक शब्दाचा विचार

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील घोडेगाव हे नेवासे तालुक्यातील बाजाराचे गाव. कांद्याच्या लिलावासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी त्याचे नाव परिसरात घेतले जाते. शनिशिंगणापूरचा फाटाही तेथेच फुटतो. वनस्पतींसंबंधीच्या शब्दांचे दारिद्र्य अशा गावाच्या बोलीत असण्याचे कारण नाही. एकट्या कांद्याचे उदाहरण घेतले तरी रोप, पात, माळ, डेंगळा असे नेमके शब्द तेथे रोजच्या व्यवहारात आहेत. डेंगळा फुटला म्हणजे कांदा पोसत नाही, हे तेथील पोरासोरांनाही ठाऊक असते. तथापि याच तालुक्याच्या ठिकाणी, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथातील एक वनस्पतिवाचक शब्द आज घोडेगावच्या विद्यार्थ्यास कळत नाही. आणि घोडेगावच्याच का, पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यासही कळत नाही. तो शब्द म्हणजे पसायदानातील ‘आरव’ हा होय.

या अज्ञानात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्ञानेश्वरीतील शेकडो शब्द आज दुर्बोध झाले आहेत. परंतु ते दुर्बोध आहेत हे वाचकास जाणवते आणि तो कोशाकडे वळतो. ‘आरव’ची गोष्ट निराळी आहे. हा शब्द ओळखीचा वाटतो. पहाटे कोंबडा आरवतो हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय अलीकडे मुलग्यांच्या नावांत ‘आरव’ हे नाव बरेच रूढ झाले असून त्याचा अर्थ ‘ध्वनी’, क्वचित ‘मंजुळ ध्वनी’ असा सांगितला जातो. पसायदान तर शाळांतून आणि हरिनाम सप्ताहांच्या समाप्तीस सामुदायिकपणे म्हटले जाते. पाठ असलेल्या पद्यातील शब्दाचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. परिणामी ज्या शब्दाविषयी शंका यावयास हवी त्याविषयी ती येतच नाही, आणि कल्पवृक्षांच्या नावाखाली कसला तरी आवाज ऐकू येऊ लागतो.

हा अर्थ निराधार आहे असे मात्र नव्हे. संस्कृतात आ या उपसर्गासह ‘रु’ धातूपासून झालेला ‘आरव’ शब्द ध्वनिवाचक आहे, आणि अमरकोशात शब्दवाचक नामांच्या मालिकेत तो आलेला आहे. मराठीतील ‘आरवणे’ हे क्रियापद त्याच कुळातले. तेव्हा ज्ञानदेवांनी संस्कृत तत्सम शब्द वापरला असेल तर अर्थ ध्वनी असाच होईल. सार्थ प्रतींतून सामान्यतः ‘बाग’, ‘उद्यान’ किंवा ‘समुदाय’ असा अर्थ दिला जातो खरा. परंतु तो का घ्यावयाचा, याचा खुलासा बहुधा केलेला नसतो. केवळ परंपरेने आलेला अर्थ स्वीकारावा तर अभ्यास थांबतो, आणि कोश पाहून ध्वनी हा अर्थ घ्यावा तर ओवी मोडते. ती कशी मोडते हे पाहणे हाच या शब्दाकडे जाण्याचा योग्य मार्ग आहे.

पसायदान हा ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आलेला नऊ ओव्यांचा भाग. प्रस्तुत शब्द ज्या ओवीत येतो तिच्या आधीच्या ओवीत ईश्वरनिष्ठांच्या मेळाव्याने भूमंडळावर अखंड कृपावर्षाव करावा आणि प्राणिमात्रांस त्यांची भेट घडावी, अशी प्रार्थना आहे. त्यापुढे या संतांचे वर्णन सुरू होते. ते तीन रूपकांचे आहे: कल्पतरू, चिंतामणी आणि अमृत. ही तिन्ही देवलोकाची लेणी आहेत व तिन्ही दुर्मिळ आहेत. कल्पवृक्ष हा इंद्राच्या नंदनवनातील. अमराने गणलेल्या पाच देवतरूंपैकी एक. चिंतामणी हे रत्न कथांतून येते तेव्हा ते बहुधा एखाद्याच भाग्यवंताच्या हाती लागते. अमृत समुद्रमंथनातून निघाले ते एका कलशात मावेल इतके, आणि त्यासाठी देवदानवांचे युद्ध झाले. ज्ञानदेवांनी काय केले? रत्नाचे त्यांनी गाव वसविले, कलशाचे समुद्र केले. मग झाडाचे त्यांनी काय केले असेल, या प्रश्नाचे उत्तर रचनाच देते. रत्नास जसे गाव, अमृतास जसा अर्णव, तसे वृक्षास ‘आरव’. तेथे समूहवाचक आणि स्थलवाचक असेच नाम हवे. ध्वनी हा अर्थ घेतला तर दोन रूपकांत जे एकाचे अनेक झाले ते तिसऱ्यात होत नाही, आणि कल्पतरू एकटाच नादावत उभा राहतो. कोणी ‘अंकुर’ किंवा ‘पालवी’ असा अर्थ सुचवील तर तोही याच कारणाने टिकत नाही. त्यात विपुलतेऐवजी अंशमात्रता येते.

दुसरा पुरावा विशेषणांचा आहे. तिन्ही रूपकांत प्रत्येकी एक विशेषण आहे आणि ते उपमानातील उणीव भरून काढणारे आहे. झाड चालत नाही; याचकास त्याच्याकडे जावे लागते. म्हणून हे कल्पतरू ‘चल’ आहेत. रत्न जड आहे. म्हणून हे चिंतामणी ‘चेतन’ आहेत. समुद्र गर्जतो पण बोलत नाही. म्हणून हे अमृताचे सागर ‘बोलते’ आहेत. पुढील ओवीतही हीच रीत चालू राहते. तेथे चंद्राचा डाग आणि सूर्याचा ताप काढून टाकला आहे. आता गती, चैतन्य आणि वाणी हा क्रम लक्षात घ्यावा. हा चढता क्रम आहे आणि त्यात वाणीचे स्थान शेवटचे आहे. पहिल्याच पायरीवर ‘आरव’ म्हणून ध्वनी आणला तर तिसऱ्या पायरीसाठी राखून ठेवलेले धन आधीच खर्च होते. ज्ञानदेवांसारखा कवी असा अपव्यय करील हे संभवत नाही.

येथे लेखनपद्धतीने केलेल्या एका घोटाळ्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जुन्या छापील प्रतींत या ओवीचा आरंभ ‘चलां’ असा सानुस्वार आहे. ते ‘चल’ या विशेषणाचे सामान्यरूप असून पुढील षष्ठ्यंत अनेकवचनाशी त्याचा अन्वय आहे. अनुस्वार गेला की ‘चला’ उरते, आणि ते आज्ञार्थी क्रियापद वाटते. जणू काही कवी श्रोत्यांस कुठेतरी निघण्यास सांगत आहे. दुसऱ्या रूपकातील ‘चेतना’ या शब्दाचीही हीच गत झाली आहे. तेही ‘चेतन’ या विशेषणाचे सामान्यरूप. पण आजचा वाचक ते चैतन्य या अर्थाचे स्त्रीलिंगी नाम समजतो. अशा रीतीने ‘निघा’, ‘आवाज’ आणि ‘चैतन्य’ असे तीन अर्थ लागोपाठ चुकतात, आणि तरीही एकंदर गोळाबेरीज भक्तिपर वाटत असल्यामुळे कोणास काही खटकत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाल्यापासून अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले, यास दोष देण्याची प्रथा आहे. परंतु केशवसुतपूर्व पद्य मूळानुसार छापावे, असे महामंडळाच्या नियमांतच सांगितले आहे. दोष नियमाचा नाही, तो न वाचणाऱ्यांचा आहे.

संदर्भावरून अर्थ ‘उद्यान’ असा ठरला तरी शब्द तो अर्थ देतो कसा, हे सांगितल्यावाचून काम पुरे होत नाही. ‘आरव’चे मूळ संस्कृत ‘आराम’ या शब्दात शोधावे लागते. संस्कृतात ‘आराम’ म्हणजे उपवन. अमराने त्याची व्याख्या मुद्दाम लावलेले, म्हणजे कृत्रिम, वन अशी केली आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा सानुनासिक ‘व’ होणे ही प्राकृत–अपभ्रंशापासून मराठीत आलेली सर्वपरिचित प्रवृत्ती आहे: ग्रामचे गांव, नामचे नांव, श्यामलचे सांवळा, आमलकचे आंवळा, जामातृचे जांवई. विश्रामचा विसांवाही याच वाटेने आला. या नियमाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. प्रस्तुत ओवीत ‘आरव’शी यमक साधणारा शब्द ‘गांव’ हाच आहे. ग्रामचा ‘म’ आणि आरामचा ‘म’ एकाच ओवीत, एकाच यमकस्थानी, एकाच तऱ्हेने ‘व’ झाला आहे. घोडेगाव या नावाच्या शेपटाशी तोच पुरावा आजही टांगलेला आहे.

तथापि या व्युत्पत्तीत एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. गांव आणि विसांवा या शब्दांत मुळातील दीर्घ ‘आ’ कायम राहिला आहे. त्या न्यायाने ‘आराम’चे रूप ‘आरांव’ किंवा ‘आराव’ व्हावयास हवे, ‘आरव’ नव्हे. ‘यमकासाठी ऱ्हस्व केले’ हे उत्तर येथे चालत नाही. ‘आराव’ हे रूप ‘गांव’शी अधिकच चांगले जुळले असते, उलट ‘अर्णव’शी ‘आरव’ जुळते, म्हणजे यमकावरून कोणताच निर्णय होत नाही. उत्तर मिळते ते ‘कुमार’ या शब्दात. कुमारपासून झालेल्या ‘कुंवर’ या रूपात ‘म’चा ‘व’ तर झालाच आहे, शिवाय दीर्घ ‘मा’चा ऱ्हस्वही झाला आहे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ज्या शब्दांतील ‘आ’ विकल्पाने ऱ्हस्व होतो त्यांत ‘कुमार’ची गणना केली आहे. ‘कुमार’चे जसे ‘कुंवर’, तसे ‘आराम’चे ‘आरंव’, आणि अनुनासिक लोपल्यावर ‘आरव’. ही परंपरा ध्वनिदृष्ट्या निर्दोष आहे. लिंगवचनाचा मेळही बसतो: ‘आराम’ संस्कृतात पुल्लिंगी आहे आणि ओवीतील निरनुस्वार षष्ठीचा प्रत्यय पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे. काही छापील पाठांत ‘अरव’ असेही रूप आढळते. ते पुढील ‘अर्णव’च्या सान्निध्याने झाले असण्याचा संभव आहे. ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडल्याची जाणीव फार जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ग्रंथाचे शुद्धीकरण केले तेव्हा या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असा इशारा त्यांनी दिला होता. नरोटी ठेवणाऱ्यांपेक्षा ताटातील पदार्थाची ओळख विसरणाऱ्यांची संख्या आज अधिक आहे.

मग हा शब्द भाषेतून गेला कसा? याचे उत्तर त्याच्या दोन्ही रूपांच्या नशिबात आहे. तत्सम ‘आराम’ आपल्या जागी राहता, तर तद्भव ‘आरव’ समजण्यास काही आधार मिळाला असता. परंतु फारसीतून विश्रांती या अर्थाचा ‘आराम’ आला आणि त्याने ती जागा इतकी पूर्णपणे व्यापली की मराठी माणसास ‘आराम’ म्हटल्यावर झाड आठवत नाही, आठवते ती खुर्ची. तद्भव ‘आरव’ची जागा ‘आरवणे’च्या आवाजाने घेतली. त्या वस्तूचे नावही फारसीतूनच आलेल्या ‘बाग’ या शब्दाकडे गेले. अशा रीतीने एका शब्दाची दोन्ही घरे परक्यांनी व्यापली आणि मालक बेघर झाला. शब्द मरतात ते वस्तू नाहीशी झाल्यामुळे, असा सरधोपट समज आहे. ‘आरव’च्या बाबतीत वस्तू कायम राहिली आणि शब्द मेला.

आता मुख्य वाङ्मयीन प्रश्न. अर्थ ‘उद्यान’ असा मान्य केल्यावर ‘कल्पवृक्षांची वने’ किंवा ‘कल्पवृक्षांची अरण्ये’ असे भाषांतर का चालू नये? वरवर पाहता हा भेद सूक्ष्म वाटेल. परंतु ओवीचे मर्म येथेच आहे. अरण्य आपोआप वाढते, आराम कोणीतरी लावावा लागतो. अरण्यात माणूस वाट चुकतो. आरामात तो येऊन बसतो. बौद्ध वाङ्मयात भिक्षुसंघास दान दिलेल्या उद्यानांस ‘आराम’ म्हणत, ‘संघाराम’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. फिरत्या भिक्षूंनी येऊन टेकावे आणि गावातील लोकांनी त्यांस भेटावे, अशी ती जागा. ज्ञानदेवांच्या ओवीवर त्या कल्पनेचा परिणाम झाला असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ‘आराम’ या शब्दात लावणाऱ्याचा हात आणि येणाऱ्यासाठी मोकळे असणे या दोन गोष्टी किती जुन्या आहेत हे त्यावरून दिसते. संतांचे वर्णन करताना कवीस नेमके हेच हवे आहे. संत हे निसर्गतः उगवलेले रान नव्हेत.

ज्ञानदेवांच्या मनात लावलेल्या झाडाला आणि त्याच्या पाण्याला विशेष स्थान होते याची साक्ष ग्रंथात इतरत्रही मिळते. बाराव्या अध्यायात भक्ताच्या निरहंकारपणासाठी त्यांनी बागेतील पाण्याचा दृष्टांत घेतला आहे: माळी जिकडे वळवील तिकडे ते पाणी निमूट जाते. पंधराव्या अध्यायात तर झाडाचे प्रचंड रूपक आहे. परंतु ते झाड निराळ्या जातीचे. वर मूळ आणि खाली फांद्या असलेला तो संसाररूपी अश्वत्थ. ‘श्वः’ म्हणजे उद्या. उद्यापर्यंत जो एकसारखा टिकत नाही तो अश्वत्थ, असा त्या नावाचा अर्थ ज्ञानदेवांनी तेथे उलगडून दाखविला आहे. ते झाड कोणी लावलेले नाही, ते आपोआप फोफावते आणि शेवटी असंगाच्या शस्त्राने तोडावयाचे असते. तीन अध्यायांनंतर ग्रंथ संपविताना तोच कवी पुन्हा झाडांकडे येतो तेव्हा तोडण्याची भाषा नाही. लावलेल्या झाडांच्या राया माणसांकडे चालत येत आहेत. एका झाडाचे उच्छेदन आणि अनेक झाडांचे आगमन, ही जोडी ‘आरव’चा अर्थ ‘आवाज’ करणाऱ्यास दिसणे शक्य नाही. ती ‘अरण्य’ म्हणणाऱ्यासही अंधुकच दिसेल. कारण आपोआप वाढणे हा तर अश्वत्थाचाच धर्म.

नेवाशाच्या भूमीचा विचार येथे अप्रस्तुत ठरणार नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा कोरडा पट्टा. मुळा नदीवर राहुरीजवळ धरण होऊन त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्याकडे वळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या जलाशयास ‘ज्ञानेश्वरसागर’ असे नाव दिलेले आहे. हालणाऱ्या कल्पतरूंइतका नसला तरी हा सागर शेताकडे चालत येतो खरा. त्याआधी हिरवी जागा म्हणजे विहीर, मोट आणि माणसाचे कष्ट. जिराईत आणि बागाईत हा भेद तेथील शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही पहिला असतो. अशा प्रदेशातील श्रोत्यास ‘आराम’ म्हणजे शोभेची फुलबाग वाटली नसणार. पाणी देऊन जगविलेली झाडी वाटली असणार. संस्कृत काव्यातील नंदनवनाची रसिकता या शब्दात शोधणे म्हणून निष्फळ आहे.

शब्दयोजनेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. कल्पतरू आणि चिंतामणी हे भारदस्त तत्सम शब्द. त्यांच्या जोडीस आलेले आरव आणि गांव हे झिजून घरगुती झालेले तद्भव शब्द. स्वर्गातील वस्तू मराठी शब्दात आणून ठेवली की ती भूमंडळावर उतरते. कवीने ‘उद्यान’ किंवा ‘नगर’ म्हटले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण चिंतामणी गावकरी झाला नसता. तिसऱ्या रूपकात मात्र पीयूष आणि अर्णव हे दोन्ही शब्द तत्सम आहेत. येथे ही रीत सुटली हे मान्य करावे लागेल. समुद्रासाठी साधा देशी शब्द नेवाशाच्या काठावर सहज सापडण्यासारखा नव्हता, असा तर्क कोणी करील. तो आकर्षक असला तरी ज्ञानेश्वरीत इतरत्र समुद्राचे दृष्टांत विपुल आहेत हे पाहता त्यावर भर देता येत नाही.

वर्गात हा शब्द शिकविताना मराठीतील कोणता प्रतिशब्द द्यावा, हा प्रश्न व्यावहारिक असला तरी क्षुल्लक नाही. ‘बाग’ अर्थदृष्ट्या चालेल, पण त्यात झाडांपेक्षा फुले आधी दिसतात. ‘उद्यान’ या शब्दास आता नगरपालिकेचे कुंपण लागले आहे. ‘मळा’ हा शब्द घोडेगावच्या विद्यार्थ्यास सर्वांत जवळचा. त्यात विहिरीचे पाणी आणि राबता हात दोन्ही आहेत. परंतु मळ्यात मुख्य असते ते पीक, वृक्ष नव्हे. उरतो तो ‘राई’. संस्कृत ‘राजि’, म्हणजे ओळ, यापासून आलेल्या या शब्दात ओळीने लावलेल्या झाडांची आठवण आहे, आणि ‘आमराई’त ती अद्याप स्पष्ट आहे. ‘देवराई’ मात्र लावलेली नसते, राखलेली असते. त्यामुळे हा शब्दही पूर्णपणे निर्दोष नाही. तरीही ‘चालत्या कल्पवृक्षांच्या राया’ असा अर्थ सांगितला आणि फळ्यावर ‘चलां’ हा शब्द अनुस्वारासह लिहिला, तर कोंबड्याला या ओवीतून बाहेर काढण्यास तेवढे पुरे आहे.